धाकटीने बुडवलेला वंश

ताई आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच संग्रहालयात कीटकांपैकी पतंगांच्या विभागात कामाला होत्या. दूरच्या उष्ण बेटांवरून आलेले नखाएवढे, राखाडी पतंग वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होते. त्यांच्या पुढच्या पंखातल्या दोन शिरा एकाच देठातून फुटतात, हे धाकटीच्या नजरेस आलं. "ताई, हा वेगळाच वंश आहे गं, जातींचा अख्खा नवा गट," ती हरखून म्हणाली. त्यानंतर ती विषमज्वराने अंथरुणाला खिळली. उठून कामावर आली तोवर नव्या वंशाचं वर्णन छापून आलं होतं, एकट्या ताईच्या नावाने.

"तू उठशील की नाही, कुणाला ठाऊक होतं?" ताई म्हणाली.

आईने त्यावर कडी केली. "नाव घरातच राहिलं ना? मग कशाला ऊर बडवतेस?"

धाकटीने ऊर बडवला नाही. टेबल फिरवून तिने ताईकडे पाठ केली, एवढंच. ताई सभांमधून त्या शिरांची गोष्ट रंगवून सांगायची. मागच्या रांगेत बसून धाकटी टाळ्या वाजवायची आणि मनात दात-ओठ खायची.

पुढे शेजारच्या बेटांवरचे पतंग आले. धाकटीने पंखांवरचे खवले पुसून शिरा पाहिल्या. कुठे देठ आखूड होता, कुठे नव्हताच; म्हणजे ती खूण भरवशाची नव्हती. मग वंश ठरवणारे अवयव पाहायला पोटाची टोकं क्षारात उकळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर फार पूर्वी नाव मिळालेल्या एका वंशाहून काडीचा फरक नाही. म्हणजे मुळात चूक तिचीच. ते तिला टोचलं, पण चुकीखाली सही ताईची होती. ती एकटीच खुदकन हसली.

तिचा लेख छापून आला आणि ताईचा वंश जुन्या वंशात जमा झाला, त्याचं नाव रद्द झालं.

ताई टेबलापाशी आली. "मला आधी सांगायचंस. मीच दुरुस्त केलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"अगं, तुझंच होतं ना ते?"

"आज बरं आठवलं."

आईने धाकटीशी बोलणं टाकलं. "सख्ख्या बहिणीचा वंश बुडवला हिने," असं ती दारात येईल त्याला सांगायची, आणि शेजारणी भलतंच समजून धाकटीला पाहताच पोरांना आत ओढायच्या. धाकटीने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

ताईने सभांना जाणं सोडलं. तिने नावं दिलेले आणखी तीन वंश अजून कपाटात होते. धाकटीने दिवा जवळ ओढला आणि पहिल्याची पेटी उघडली.