बंदर, वाळू आणि ताफा

मनिलाच्या बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या कंपनीनं अन्सेल्मो दिमालांताला कामावरून काढलं, तेव्हा तिथल्या मुकादमाला रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं.

"आठ महिन्यांत एकोणीस वेळा, सेल्मो," तो म्हणाला. "भरलेला ट्रेलर हमरस्त्याच्या कडेला लावून तू दुसऱ्याच्या बंद पडलेल्या गाडीपाशी जाऊन उभा. तू ड्रायव्हर आहेस की अँब्युलन्स?"

"काही मदत हवी का, एवढंच विचारतो."

"परवाचा तर जेवत होता! गाडी सावलीला लावून डबा खात होता बिचारा. तू दार उघडून त्याला खांद्याला धरून हलवलंस. त्यानं तक्रार केलीय."

सेल्मोला त्या माणसाचं डोकं स्टिअरिंगवर झुकलेलं दिसलं होतं, आणि पुढचं सगळं त्याच्या पायांनीच केलं होतं. ब्रेक कधी दाबला हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बस पकडून पोराकला, घरी आला.

पोराक म्हणजे पांपांगा प्रांतातलं वाळूचं गाव. सतरा वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर फुटला, त्याची राख नदीतून वाहत आली आणि घरं, शेतं, देवळं गळ्यापर्यंत गाडून गेली. त्याच राखेची आता वाळू झाली होती, आणि सगळं मनिला त्या वाळूवर उभं राहत होतं. कुणाच्या तरी अंगणावरून, कुणाच्या तरी विहिरीवरून यंत्राची खोरी चालत आणि ट्रक भरत. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

सेल्मोचा सासरा, तातांग इस्को, जन्मभर जीपनी, म्हणजे प्रवाशांची जीप, चालवून आता ओसरीवर बसलेला असे. जावई भरदुपारी पिशवी घेऊन आलेला पाहून त्यानं ओळखलं.

"काढलं?"

"काढलं, तातांग."

"मी चाळीस वर्षं थांबायचेच पैसे घेतले," म्हातारा म्हणाला. "हात दाखवला की थांब, छपरावर टकटक केलं की थांब. तू जीपनीच घ्यायला हवी होतीस, पोरा. ट्रकवाल्यानं थांबून कसं चालेल?"

आतून एडिथा, सेल्मोची बायको, म्हणाली, "तातांग, पुरे." मग भाताचं ताट आणि तळलेला सुका मासा नवऱ्यापुढे ठेवून ती त्याच्या शेजारी बसली. तो कुवेतहून परत आल्यापासून गेली साडेतीन वर्षं तिनं विचारणं सोडलं होतं. दुपारी डुलकी लागली की तो उजवा हात पुढे करून हवेत काहीतरी पिळतो, नळ बंद केल्यासारखं, हे तिनं कितीदा पाहिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तो वाळूच्या ट्रकवर चढला. गाडी जुनी, दार तारेनं बांधलेलं. नदीच्या पात्रात चाळीस-पन्नास ट्रकांची रांग, खोरं येईपर्यंत दोन दोन तास नुसतं बसायचं. इथे कोण कुठे थांबतो याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. काम त्याला मानवेल असं एडिथाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी रांगेत बसला असताना खरखर सुरू झाली. आधी वाटलं, शेजारच्या ट्रकात गाणी लागलीत. मग खरखरीतून शब्द आले: "सेल्मो. पारे. माझी गाडी गेली रे. मागे बघ."

सेल्मोनं डॅशबोर्डकडे पाहिलं. तिथे भोक होतं. या गाडीचा रेडिओ कुणीतरी केव्हाच काढून नेला होता. तो खाली उतरला, ट्रकभोवती एक फेरी मारली, चाकांपाशी वाकून पाहिलं. मागच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "सेल्मोदादा, टायर हरवला का बायको?" रांगेतली माणसं हसली. तो परत वर चढला. आवाज गेला होता, पण भोकाकडे पाहायचं धैर्य त्याला संध्याकाळपर्यंत झालं नाही.

त्याच रविवारी मिसेस तायाग आली. आंखेलेसमध्ये तिचं परदेशी नोकऱ्यांचं दुकान होतं. पहिल्या वेळी कुवेतला तिनंच पाठवलं होतं. हातात केकचा खोका, अंगभर अत्तराचा वास.

"तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत आता," ती म्हणाली. "अनुभवी. कुवेतच्या तळावरून माल भरायचा, सीमेपलीकडे अमेरिकी लष्कराच्या छावणीत उतरवायचा, परत. तुला रस्ता पाठ आहे."

"पासपोर्टवर शिक्का आहे ना?" एडिथा म्हणाली. "इराकला जायला मनाई आहे."

"कुवेतला जायला आहे का मनाई? तो कुवेतलाच चाललाय. पुढचं वाळवंट कोण बघतंय?"

"आणि मेला तर?" तातांग इस्कोनं ओसरीवरून विचारलं.

"तातांग, मरण काय पोराकला येत नाही? तुमचं अर्धं गाव घरबसल्या गाडलं गेलं. आणि जोखीम आहे म्हणून तर पगार तिप्पट. नाहीतर रियाधला दुधाची गाडी आहे, ती देते. जोखीम शून्य, पगारही तसाच."

रियाधची दूधगाडी, इथली वाळू, सीमेपलीकडचा ताफा. एडिथानं दूधगाडीचं नाव लगेच उचलून धरलं. दोन वर्षं एकटी राहीन म्हणाली, पण निदान झोप लागेल. सेल्मो केककडे बघत बसला होता. मग शांतपणे म्हणाला, "ताफ्याचा कागद ठेवून जा."

एडिथा उठून आत गेली. तिला वाटलं, पैशासाठी. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नसतं, कारण ते शहाण्या माणसाला सांगण्याजोगं नव्हतंच. त्याला त्या रस्त्यावर एकदा परत जायचं होतं. बस्राच्या उत्तरेला, पुलाच्या अलीकडे जिथे डांबर जळालं होतं, तिथे यावेळी गाडी थांबवायची होती. ताफ्यातले लोक ओरडोत, पहारेकरी बंदूक दाखवोत. थांबायचं, खाली उतरायचं आणि मागे चालत जायचं. तिथे आता कुणी नसणार, हे त्याला कळत होतं. तरीही.

फेर्मिन पंगिलिनान आणि तो एकाच विमानानं गेले होते. फेर्मिनच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सेल्मो धर्मपिता झालेला, त्या नात्यानं फेर्मिन त्याला कुम्पारे, नाहीतर नुसतं पारे, म्हणे, आणि दोघं सख्ख्या भावांहून जवळचे. ताफ्यात फेर्मिनची गाडी सेल्मोच्या मागे असे, आणि दिवसभर रेडिओवरून त्याची टकळी चाले. पोराकचे कोंबडे, कुवेतचं पाणी, पुढच्या गाडीचा घाणेरडा धूर, काहीही. नियम मात्र पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता. कुणाच्याही गाडीला काही झालं तरी थांबायचं नाही. मागून लष्कराची गाडी येते, ती माणूस उचलते. थांबलेली गाडी म्हणजे सगळ्या ताफ्याचं मरण.

तो स्फोट सेल्मोला आरशात आधी दिसला, आवाज नंतर आला. मग रेडिओवर फेर्मिन बोलायला लागला. ओरडत नव्हता, हेच वाईट होतं. "सेल्मो. पारे. माझी गाडी गेली रे. मागे बघ. पाय निघत नाही माझा." सेल्मोनं गाडी हळू केली. पुढून ताफ्याचा प्रमुख किंचाळला, चला, चला. सेल्मोनं गाडी पळवली. फेर्मिन बोलतच होता. एक मैल, दोन मैल. आणि मग सेल्मोनं हात पुढे करून रेडिओचं बटण पिळलं.

कंपनीच्या पत्रात लिहून आलं, 'तत्काळ मृत्यू'. शवपेटी बंदच आली. सेल्मो मातीला आला, तेव्हा फेर्मिनची बायको पुरिता त्याला म्हणाली होती, "निदान त्याला कळलं तरी नाही, नाही का?" आणि सेल्मोनं मान हलवली होती.

सेल्मो पुन्हा चाललाय ही बातमी गावभर झाली. सर्व संतांच्या दिवसाला चार दिवस होते. दफनभूमीत लोक थडगी धूत होते, रंगवत होते. दुपारी पुरिता त्याच्या दारात आली. हातात कागदात गुंडाळलेली जाड मेणबत्ती.

"कुम्पारे, तुम्ही त्या रस्त्यानं जाणार म्हणे," ती म्हणाली. "इथे थडग्यावर मी लावतेच. पण जिथे तो गेला तिथे कुणीच कधी लावली नाही. गाडी चालू असतानाच खिडकीतून टाकली तरी चालेल. तुम्हाला जागा माहीत आहे."

सेल्मोनं मेणबत्ती घेतली. ती हातात जड लागली. आभार मानून पुरिता वळली, पायरी उतरली, तेव्हा तोही नात्यानंच हाक मारून म्हणाला, "कुमारे, बसा जरा."

ती बसली. एडिथा मोरीपाशी भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

त्यानं सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते, तिथे गाडीचा वेग सांगितला, पुलाचं अंतर सांगितलं. बटणापाशी येऊन तो अडकला. उजवा हात आपोआप पुढे गेला आणि पिळला, आणि एडिथाला साडेतीन वर्षांनी कळलं की ते काय होतं.

पुरितानं मेणबत्तीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "किती वेळ बोलत होता?"

"मी ऐकलं ती चार-पाच मिनिटं. पुढचं माहीत नाही."

"माझं नाव घेतलं?"

सेल्मोला खोटं बोलता आलं असतं. "मी ऐकलं तोवर नाही," तो म्हणाला.

पुरितानं त्याच्या हातातून मेणबत्ती काढून घेतली. "साडेतीन वर्षं मी लोकांना सांगत आले, त्याला काही कळलं नाही. देवाचे आभार मानत आले. तुम्ही माझ्या मुलीचे धर्मपिता, दर नाताळात घरी येऊन जेवून जाता." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही थांबला असता तर तुम्हीही मेला असता, ते मला कळतं. ते नका सांगू. पण मला का नाही सांगितलंत?"

ती गेली. सर्व संतांच्या दिवशी दफनभूमीत सगळं गाव जेवणाचे डबे, खुर्च्या घेऊन थडग्यांपाशी बसलं होतं. तिनं सेल्मोच्या कुटुंबाकडे पाठ फिरवून बसायची जागा घेतली.

सेल्मोनं मिसेस तायागला कागद परत केला. ती चिडली, मग दूधगाडीचा दुसरा कागद पुढे केला. तोही त्यानं नको म्हटला. एडिथानं कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "माझ्यापायी रियाधच्या रस्त्यावर दूध नासेल. मी थांबतोच, एडिथा. ते काही जायचं नाही." मग तो वाळूवरच राहिला.

डिसेंबरात एका सकाळी पुरिता रांगेत आली. वाळूतून चालत, चपला हातात. ट्रकच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "माझ्या सासूला सांगायचंय तुम्ही. मला नाही जमत. रोज तिला खोटं ऐकवते आणि मला घास उतरत नाही."

फेर्मिनची आई ऐंशीच्या पुढची, एका डोळ्यानं अधू, कानानं मात्र तल्लख. सेल्मो तिच्यासमोर लाकडी बाकावर बसला आणि दुसऱ्यांदा सगळं बोलला. बटणाचंही. संपल्यावर तिनं विचारलं, "सकाळी जेवला होता का तो?"

सेल्मोला आधी प्रश्नच कळला नाही.

"त्या दिवशी. निघायच्या आधी."

"हो, आपू. भात होता. डब्यातले मासे होते. फेर्मिननं त्यात मिरची चिरून घातली होती, कुणीतरी इथून पाठवलेली."

"मीच पाठवलेली," म्हातारी म्हणाली. "पोटभर खाल्लं?"

"दोनदा घेतला भात. माझ्या ताटातलाही घेतला."

म्हातारीनं मान हलवली आणि अजून सांग म्हणाली. आदल्या दिवशी काय खाल्लं, कुवेतला कोण रांधायचं, तो रविवारी काय करायचा. सेल्मो सांगत गेला. काही आठवलं, काही आठवेना. पुरिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती बसली नाही, पण गेलीही नाही. बाहेर त्याचा ट्रक उभा होता आणि दुपार कलली तरी कुणी त्याला हाक मारली नाही.

रांगेत कधी कधी खरखर अजून येते. तेव्हा सेल्मो हात स्टिअरिंगवरच ठेवतो आणि आवाज आपण होऊन थांबेपर्यंत ऐकत राहतो.