कमबॅकचा फ्लेक्स

"गेल्तं कुठं?"

चष्मा कपाळावर चढवून सर एवढंच विचारायचे. जाफराबादला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. फ्लेक्सवर इंग्रजी घालणं ही माझी हौस, आणि ती उतरवणं हा निवृत्त सरांचा उद्योग.

एका हॉटेलाला नवा रंग दिला, म्हणून मी छापलं, 'मेकिंग अ कमबॅक'.

"हॉटेल बंद पडल्तं का?"

"न्हाई सर, रंग दिला."

"मंग गेल्तं कुठं? जे गेलंच न्हाई, ते परत कसं येईल?"

तुमच्याही गावात असे फ्लेक्स असतीलच. बहुधा माझेच.

सर घरच्या ओसरीवर इंग्रजीचा क्लास घेत. समोर एसीवाली अकॅडमी उघडली आणि सरांकडं तीन पोरं उरली. मला राहवलं नाही. न विचारता त्यांच्या गेटवर फ्लेक्स टांगला, 'बूमिंग क्लासेस', म्हणजे एकदम जोरात चाललेले. सरांनी तो उतरवला, नीट गुंडाळला आणि दुकानात आणून दिला.

"तीन पोरांत बूम व्हत न्हाई, लेका. खोटं बोलायचं तर मराठीत बोल, इंग्रजीला कशाला बदनाम करतो?"

"क्लास बंद पडंल, सर."

"पडू दे. आत शब्द तोलून वापरा म्हणून शिकवायचं, अन् गेटवर हे?"

महिनाभरानं स्वतःच आले. चेहरा असा, जणू घरात लग्न ठरलंय.

"छाप. 'पिकिंग अप'."

"किती आले?"

"एक. त्या तिघांतल्या तिसऱ्याची बहीण. हळूहळू सुधारून राह्यलं, त्याला हेच म्हणायचं. अक्षर लहान ठेव."

लहान अक्षरांतला माझा तो पहिलाच फ्लेक्स. लोक वाचायला जवळ जायचे आणि सरांचं शिकवणं ऐकत उभे राहायचे. पुढं काही वर्षांत ओसरीवर पोरं मावेनात, तरी 'बूमिंग' नाहीच. "'ग्रोइंग'. बस्स."

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सर लेकीकडं गेले. मी फोनवर म्हटलं, "सर, 'मेकिंग अ कमबॅक' छापून ठेवलाय. आता तुम्ही गेलात, म्हंजे शब्द बराबर ना?"

खूप हसले. "बिलकुल बराबर. पण टांगू नको. आधी मला येऊ दे."

सर आले नाहीत. तिकडंच वारले.

शेतकरी सोयाबीन झाकायला जुने फ्लेक्स मागतात. मशीनमागची ती 'कमबॅक'ची गुंडाळी मी कुणाला दिली नाही. सरांच्या गल्लीत जाणंही टाळलं.

परवा तिसऱ्याची बहीण दुकानात आली, आता कॉलेजात जाणारी. "काका, क्लाससाठी फ्लेक्स पाहिजे. सरांच्या घरच्या आजींनी तीच ओसरी दिलीय, शिकवते मीच."

मी घाईघाईनं गुंडाळी उलगडली. तिनं वाचलं. चष्मा कपाळावर चढवला.

"सर गेल्यापासून एक दिवस खाडा न्हाई, काका. क्लास गेल्ता कुठं?"

मी गुंडाळी पुन्हा मशीनमागं ठेवली आणि विचारलं, "अक्षर लहानच ना?"