छर्रे निवडणारी

बाबांकडे छर्र्याची बंदूक होती. गडचिरोलीजवळच्या आमच्या गावात धानाला लोंबी आली की पोपटांचे थवे उतरायचे, त्यांच्यासाठी घेतलेली. बंदूक बाबांची, पण छर्रे माझे. चांद्याहून नवी डबी आली की ती आधी माझ्या हाती पडायची. शिसं मऊ; मोटारीच्या धक्क्यांनी कितीतरी छर्र्यांची मागची कड चेपलेली असायची, आणि असा छर्रा नळीतून सुटला की भलतीकडेच जातो. मी परात जराशी कलती धरून एकेक छर्रा सोडून बघायची. चांगला छान वळत जायचा, बिघडलेला लडखडायचा. चांगले तेवढे धुऊन सावलीत सुकवायचे, फडक्यावर मशीनच्या तेलाचा थेंब टाकून त्यात हलकेच घोळवायचे आणि डबीत कापसावर ठेवायचे.

बाबा गावभर सांगत सुटायचे, "पोरीनं निवडलेला छर्रा चुकत नाई. चुकलं तं माहं चुकते." त्या कौतुकापायी घरातला माझा सगळा कामचुकारपणा माफ होता, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. शिशाने बोटांची टोकं मात्र काळी पडायची. राखेने घासली तरी काळं रेघांमध्ये उरायचंच.

बल्लारपूरचे पाहुणे मला पाहायला आले ते निरोप न देता. मी नुकतीच छर्र्यांवरून उठले होते. मुलाच्या आईने हात पुढे करायला सांगितले.

"पोरीचे बोटं काऊन काळे दिसून राह्यले?"

मी तोंड उघडणार तोच बाबा घाईने म्हणाले, "तव्याची काजळी हाये बाई. सकाळपासून रांधून राह्यली."

मी त्या दिवशी चुलीकडे फिरकलेही नव्हते. गावभर माझे गोडवे गाणारा माणूस चार पाहुण्यांपुढे ते सगळं गिळून बसला, याचा मला मनस्वी राग आला. पण मान खाली घालून बसले, आणि लग्न जमलं.

नवरा कागद कारखान्यात होता. बल्लारपूरला पक्कं घर, शेजारी नोकरदारांच्या बायका. मला तिथलं वारं लागायला वेळ लागला नाही. बंदुका, शिकारी हे रानातल्या लोकांचे धंदे, असं सासूबाई म्हणायच्या आणि मी हो ला हो करायची. माहेरी बंदूक आहे, हे मी कधी बोललेच नाही. बोटंही एव्हाना स्वच्छ झाली होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबा आले. डोंग्याने वैनगंगा ओलांडून, मोटारीने चांद्याला जाऊन, तिथून डबी घेऊन थेट माझ्या दारात. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. ओसरीवर सासूबाईंसोबत शेजारणी बसलेल्या. बाबांनी पाणीही न पिता डबी काढली आणि झाकण चाचपडत उघडलं, तेव्हा मला कळलं की त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.

"माय, हे तेवढे निवडून दे. मले आता कड दिसत नाई. एक नेम लागत नाई, अन् पोपटं सारा धान खाऊन राह्यले."

सासूबाई चमकून माझ्याकडे बघायला लागल्या. "हे तुले येते?"

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हणाले.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, की काजळीची थाप उघडी पडू नये, बापाचा शब्द राहावा, म्हणून मी तसं बोलले. साफ खोटं आहे ते. मला बाबांची लाज वाटली होती. त्या चिखलाच्या धोतराची, त्या चाचपडण्याची, चारचौघींत मला 'माय' म्हणण्याची. आता वाटते ती माझी मलाच.

 बाबा डबीचं झाकण लावून सासूबाईंकडे वळले. "खरं हाये बाई. मीच वेडा. पोरीच्या जातीले काय समजते बंदुकीतलं?"

ओसरीवर हशा पिकला. मीही हसले.