लाल आकड्यांचं घड्याळ

मला घड्याळं बांधायचा नाद होता. नोकरी कारकुनाची, पण शनिवारचा अर्धा दिवस भरला की लॅमिंग्टन रोडला जायचं, चिपा, ट्रान्सफॉर्मर, लाल आकडे असलं काहीबाही आणायचं आणि घाटकोपरच्या आमच्या खोलीत सोल्डरिंगचा धूर करत बसायचं. आई वैतागायची. "भिंतीर एक आसा मा, आणखी कित्याक व्हया?"

गिरणी बंद पडली आणि बाबा अंथरुणाला खिळले. नजरही अधू झाली. म्हणून त्यांच्यासाठी तळहाताएवढ्या आकड्यांचं एक बांधलं. जमलं झकास. मग बाबांना एकच उद्योग, पडल्या पडल्या वेळ सांगायची. "अडीच वाजले रे." "पावणेतीन झाले." विचारलंय कोणी? डोकं उठायचं नुसतं.

त्या दुपारी लाइट गेली. घड्याळ विजेवरच चालणारं, त्यामुळे आकडे विझले आणि बाबा गप्प झाले. दिसतच नाही तर सांगणार काय, असं मला वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. आईही भिंतीला टेकून पेंगली. बऱ्याच वेळाने लाइट आली, आकडे बारावर लुकलुकायला लागले. मी वेळ लावायला उठलो, तर बाबा गेलेले होते.

मला काहीच झालं नाही. रडूही आलं नाही. आधी घड्याळ लावलं, मग आईला उठवलं.

भटजींनी पंचांग पाहिलं. दुपारी तीनला पंचक लागलं होतं. त्याआधी गेले असतील तर प्रश्न नाही. पंचकात गेले असतील तर मागोमाग घरातली माणसं जातात म्हणे, म्हणून पिठाचे पाच बाहुले करून सोबत जाळायचे. "नक्की कधी गेले?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. घड्याळवाला ना मी! पण लाइट तीनच्या आधी गेली होती आणि नंतर आली होती. मधलं मला काय ठाऊक?

"आधीच गेले असतील," काका म्हणाले. "कशाला उगाच पंचकाची कटकट?"

"नाय. पंचकातच गेले," आई म्हणाली. "बाहुले करा."

इतकी ठाम, की भटजींनी लगेच परात मागवली. पीठ तिनेच काढून दिलं.

तेरावं आटोपल्यावर, पाहुणे गेले तेव्हा मी विचारलं, "आई, तुला कसं कळलं गं?"

ती भांडी लावत होती. "माका काय म्हायत? माझो डोळो लागलेलो."

"मग?"

"पण आसलाच पंचक, तर? माका आता तू एकटोच उरलंस."