मोडलेलं हळकुंड

विद्यापीठात फिल्म शिकताना शेवटच्या वर्षाचा लघुपट मी आमच्या वसमतच्या हळदीवर केला. बाजारातल्या आडतीवर हळद निवडणाऱ्या बायांत एक मावशी होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ढिगातलं एखादं हळकुंड त्या कट्‌कन मोडायच्या, आतला रंग बघायच्या आणि मगच हळदीची प्रत ठरवायच्या.

त्यांच्या मागची पांढरी भिंत प्रमाण धरून मी कॅमेऱ्यातला रंग जुळवला आणि त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर हळद दाखवली.

"ही हळद न्हाई, भुसा हाय," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. तीन वर्षं काय उगाच शिकले? "मावशी, पांढऱ्या भिंतीवरून बराबर जुळवलाय रंग."

"इथं पांढरं काय बी ऱ्हात न्हाई, पोरी." त्यांनी पदरानं भिंत पुसली. पदर पिवळा झाला. मग एक हळकुंड मोडून त्यांनी पडद्याशेजारी धरलं. "ह्याच्यावाणी दिसू दे."

मी रंग बदलत गेले, त्या मान हलवत राहिल्या. अखेर हसल्या. "आता हळद दिसून राहिली. हे अर्धं ठेव तुला."

परीक्षेच्या दिवशी पडदा पिवळाधमक उजळला. कधीच कौतुक न करणारे सर उठून उभे राहिले. "हा रंग आणलास कुठून?"

मी खिशातून मावशींचं अर्धं हळकुंड काढलं आणि सरांच्या मार्कांच्या कागदावर ठेवलं. मोडल्या जागी ते अजून केशरी होतं.