खालच्या हेडचा आवाज

स्पीकरजवळ कान नेऊन मी तिसऱ्यांदा विचारलं, “राजू, ड्रम कुठं आहे?”

“आहे ना काका. मागं आहे.”

“किती मागं? भिलाईले?”

स्टुडिओवाली सोनल दीदी तोंड फिरवून हसली. राजू नाही हसला.

मी पुरानी बस्तीत ड्रम, ढोलक, तबला दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत. पण ड्रमले हात लावला की कुठं बिघडलं ते सांगतो, आणि या कामात मले शिकवणारा रायपुरात आता कोणी उरला नाही. राजू एका रॉक बँडचा ड्रमर. एके काळी कॉलेजांचे प्रोग्राम गाजवायचे ते पोट्टे. मग बँड मोडला, राजू ऑफिसात लागला, लठ्ठ झाला. रिटायर झाला तसा सरळ माझ्या दुकानात आला.

“काका, एकट्याची रेकॉर्ड काढून राहिलो. आठ गाणी. ड्रम तुम्हीच तयार करायचे. मुन्ना आणि अरुणले ऐकवणार आहे. त्या दोघांनी मान डोलावली की झालं.”

मुन्ना त्यांचा गाणारा, अरुण गिटारवाला. त्या दोघांसाठी चाललं होतं सारं.

मी सहा दिवस लावले. लोकांले वाटते ड्रम म्हणजे वरून ठोकायची वस्तू. तसं नाही. ड्रमले दोन तोंडं असतात. दोन्हीवर प्लास्टिकचं चामडं, त्याले हेड म्हणतात. काडी पडते वरच्या हेडवर. खालच्याले कोणी हात लावत नाही, कोणी पाहतही नाही. पण आवाज घुमतो तो खालच्यानं. म्हणून मी खालचं आधी बसवतो. स्नेअर नावाचा छोटा ड्रम असते, त्याच्या खाली तारा असतात. त्या केसभर ढिल्या झाल्या तरी सारी मजा गेली. त्या एका स्नेअरवर माझे दोन दिवस गेले.

आणि रेकॉर्डमध्ये तो ऐकूच येत नव्हता. नुसता राजूचा आवाज. आवाज वाईट नाही त्याचा. दवाखान्यात नंबर पुकारतात तसा आहे, एकदम साफ.

“दीदी, ड्रम वाढव.”

“काका, भैया ने ही कम करवाया है।”

मी राजूकडे वळलो. “काहून?”

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, “काका, इतकी वर्षं मी गाणाऱ्याची पाठ पाहिली. फोटोतही माझं डोकं झांजेच्या मागं. ड्रम मोठा ठेवला तर लोक म्हणतील, हा तर ड्रमरच आहे.”

“मग काय आहेस तू? तहसीलदार?”

“काका, रेकॉर्ड माझी आहे.”

“तर माझं नाव टाकू नको तिच्यावर.” चपला घातल्या आणि निघालो. आठ दिवस फोन उचलला नाही. माझा स्वभाव असाच आहे, बायकोले विचारा.

तरी रेकॉर्ड ऐकवायच्या कार्यक्रमाले गेलो. समता कॉलोनीत एका क्लिनिकच्या वरचा हॉल, रविवारची दुपार. पोस्टरवर माझं नाव होतं, राजूच्या नावाच्या बरोबर खाली. स्टेजवर माझा स्नेअर ठेवला होता, हार घालून. शोभेले.

आठही गाणी वाजली. लोक चांगले, शेवटपर्यंत बसले. मुन्नानं मिठी मारली. “राजू, साउंड बहुत साफ है।” इतकं म्हणून तो चहाकडे वळला. अरुण मात्र सरळ माणूस.

“ड्रम किसने बजाया, यार? मशीन है क्या?”

मी खुर्चीवरून उठलो. तोंडात शिवीच होती. राजूनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि हसला.

“हव,” म्हणाला, “मशीन है।”

ऑटोत दोघं बसलो. स्नेअर राजूच्या मांडीवर, हार तसाच.  बोलायले होतं, पण त्याचा चेहरा पाहिला.

सिग्नलले ऑटो थांबला तेव्हा त्याची बोटं चालू झाली. आधी दोन, मग दहाही. काडी नाही, काही नाही. खालच्या तारा अशा बोलल्या की ऑटोवाल्यानं आपलं गाणं बंद केलं. सिग्नल सुटला तरी ऑटोवाला हलेना, मागचे हॉर्न मारून राहिले. अख्ख्या रेकॉर्डमध्ये नव्हता तो राजू माझ्या बाजूले बसून वाजवत होता, आणि डोळे पुसायले त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

घर आलं तेव्हा मी विचारलं, “हे काहून नाही टाकलं रे रेकॉर्डमध्ये?”

“हे काय टाकायचं काका? हे तर असंच.”

ती रेकॉर्ड काही चालली नाही. राजू आता संध्याकाळी दुकानात येतो, तयार झालेला प्रत्येक ड्रम ठोकून पाहतो. गिऱ्हाईक बाहेर थांबून ऐकतात. गाणं म्हणतो म्हणाला तर मी चहा सांगतो.

एक शिकलो. आता कोणी ड्रम घेऊन आला की आधी विचारतो, भाऊ, हा ऐकू येणार आहे का? नाही म्हणाला, तर खालचं हेड मी बदलत नाही.