साहेबांना विचारून सांगते

बंदराच्या कस्टम ऑफिसात त्यांना सगळे ‘सीलबाई’ म्हणत. कंटेनरचं सील तोडायचं, माल तपासायचा, पुन्हा सील ठोकायचं, यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. आपत्तीच्या काळात व्यापार कसा चालू ठेवायचा याची जाडजूड पुस्तिका ऑफिसने काढली, तेव्हा ती लिहायचं काम अर्थातच बाईंच्या गळ्यात पडलं. साहेबांनी फक्त पहिल्या पानावर स्वतःचा फोटो घातला.

या पुस्तिकेची दरवर्षी रंगीत तालीम व्हायची. बघणाऱ्याला किळस यावी असा प्रकार! कापसाच्या गाठींचा एक कंटेनर आदल्या दिवशीच तपासून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर घड्याळ लावून तो अठरा मिनिटांत सोडायचा आणि टाळ्या पिटायच्या. साहेब छाती फुगवून सांगायचे, "वादळ येऊ द्या, नाहीतर भूकंप होऊ द्या, आमचं काम थांबत नाही!" सीलबाईही टाळ्या वाजवायच्या.

मग खरंच वादळ आलं. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडले आणि सोमवारी सकाळी धक्क्यावर उतरलेला एक थंड कंटेनर अडकला. आत मुलांच्या इस्पितळासाठी इन्सुलिन होतं. इस्पितळाचा फार्मासिस्ट फाटकाशी येऊन उभा होता.

"बाई, आमच्याकडे बुधवारपर्यंतचंच आहे हो. काहीतरी करा."

"साहेबांना विचारून सांगते," सीलबाई म्हणाल्या.

खरं तर विचारायची काही गरजच नव्हती. कॉम्प्युटर चार तासांहून जास्त बंद असतील, तर कामावरच्या तपासनिसाने औषधं स्वतःच्या सहीने कागदावर सोडावीत आणि वरिष्ठांना मागाहून कळवावं, असं पुस्तिकेतलं सातवं कलम. ते बाईंनीच लिहिलेलं. पण इतक्या वर्षांत साधी टाचणीसुद्धा त्यांनी विचारल्याशिवाय घेतली नव्हती. पाय आपोआप जिन्याकडे वळले.

साहेब जनरेटरवरच्या पंख्याखाली बिस्किटं खात बसले होते.

"एवढी घाई कसली? आपत्ती जाहीर झाल्याचं पत्र येऊ द्या वरून. उद्या चौकशी लागली तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

"सर, सातवं कलम आहे ना..."

"अहो बाई, ते तालमीपुरतं असतं!" साहेब हसले. बिस्किटाचा चुरा टेबलभर उडाला.

सीलबाईंनी त्या दिवशी चार खेपा घातल्या. मंगळवारी दुपारी कंटेनर थंड ठेवणाऱ्या मशीनचं डिझेल संपलं, नवं भरायची परवानगीही वरच अडकली. संध्याकाळी घरी नवरा म्हणाला, "तू सांगितलंस ना त्यांना? मग झालं. हात वर कर आणि मोकळी हो." ते ऐकून बाईंना बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, याची शिसारी त्यांना पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

बुधवारी एक माणूस आपत्ती जाहीर झाल्याचं पत्र घेऊन आला. कंटेनरचं दार उघडलं तर आतून उबट हवेचा भपकारा आला. सगळा माल फेकण्याच्या लायकीचा झाला होता. आणि आता मालाची विल्हेवाट लावायच्या फॉर्मवर साहेबांनी उभ्या उभ्या सही ठोकली. कॉम्प्युटर अजून बंदच होते, पण आता कागद चालला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"कारण लिहा, ‘प्रवासात मशीन बिघडलं’. त्या फार्मासिस्टलाही तेच सांगा. तुमचं बोलणं गोड आहे, तुमचं ऐकेल तो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या तोंडाकडे बघणंसुद्धा नको वाटलं. कारणाचा रकाना कोरा सोडून त्या जिना उतरल्या.

फार्मासिस्ट पुढे धावला. "सुटला माल?"

"नाही. सगळा खराब झाला. मशीन प्रवासात बिघडलं वगैरे कोणी सांगेल, विश्वास ठेवू नका. सोमवारपासून माल इथंच उभा होता."

"कोणाची सही अडली होती?"

वरच्या खिडकीकडे बोट दाखवणं सोपं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

"माझी," सीलबाई म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या सहीवर सुटला असता. मी विचारत बसले."

फार्मासिस्टने त्यांना शिवीसुद्धा दिली नाही. पाठ फिरवून त्याने फोन लावला आणि दुसऱ्या कुठल्यातरी इस्पितळाला विचारू लागला, "दोन तरी बाटल्या मिळतील का हो?"